रीव म्हणजे नुसते भांडण नव्हे



‘रीव’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘भांडण’ एवढाच देऊन, तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध दाद मागणे बायबलला मान्य नाही, असे गेल्या अंकातील पत्रात सुचवले आहे. मला हे मुळीच पटत नाही.

अब्राम आणि लोट यांच्या गुराख्यांत चराईवरून जुंपली, तो रीव (उत्पत्ती 13), हे खरे. पाण्यावाचून तडफडणारे लोक मोशेशी भांडले, त्या जागेचे मरीबा हे नाव याच धातूवरून पडले (निर्गम 17). पण निर्गम 23 मध्ये हाच शब्द खटल्यासाठी येतो. मीखाच्या 6व्या अध्यायात तर देव स्वतः डोंगरांना ऐकायला बोलावून आपल्या लोकांवर फिर्याद मांडतो, तीही रीवच! आणि यशया 1:17 मध्ये विधवेची बाजू लढवण्याची आज्ञा याच क्रियापदाने दिली आहे.

तारापूरची दादही अशीच आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 साली तारापूर एमआयडीसीच्या रासायनिक सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. खाडी आणि समुद्र हीच मांगेला मच्छीमारांची शेती. त्यांनी दगड उचलले नाहीत, कायद्याने दाद मागितली. त्यांना भांडखोर ठरवण्यासाठी पत्रलेखकांनी यशयाच्या शब्दाचा आधार घेऊ नये.

– एक वाचक, बोईसर