बाळ ‘शांत’ झाले की काळजी करा

“डॉक्टर, नववा लागलाय, बाळ आता शांत झालंय,” असे सासूबाई कौतुकाने सांगतात तेव्हा माझ्याच पोटात गोळा येतो. दिवस भरत आले की बाळ हलायचे थांबते, हा समज साफ चुकीचा आहे. हालचालीची तऱ्हा बदलेल, पण ती कमी होता कामा नये. शंका आली तर गर्भवतीने डाव्या कुशीवर निवांत पडून मोजावे. दोन तासांत 10 हालचाली भरल्या नाहीत, तर तडक प्रसूतीची सोय असलेले रुग्णालय गाठावे, मग रात्र असो की अमावास्या. ‘सकाळी बघू’ म्हणून एक घर थांबले. सकाळी मला बाळाचे ठोके ऐकू आले नाहीत. 102 नंबरची गाडी गरोदर बाईसाठी मोफत येते.