मागची डिस्क

परवा मामेभावाचा फोन. "दादा, गाडी फायनल केली! पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क. म्हणजे ब्रेक डबल!"

म्हटलं, बाबा रे, थांब. डिस्क डबल झाली, ब्रेक नाही.

मुळात गाडी थांबवतं कोण? डिस्क फक्त चाकाला अडवते. गाडी थांबवतो तो टायर. त्याची पकड संपली की कितीही भारी कॅलिपर लावा, उपयोग शून्य. बारावीचं फिजिक्स आठवा. ताशी ६० वरून थांबायला कोरड्या डांबरावर (घर्षणांक ०.८ धरून) साधारण १८ मीटर लागतात, ओल्यावर (०.५ धरून) २८. या गणितात डिस्कचा आकार कुठेच येत नाही!

मग डिस्क हवी कशाला? उष्णता झेलायला. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो धरले तर ताशी ६० वरून थांबताना सुमारे २८ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. शहरात हे किरकोळ. पण बोरघाटात ५०० मीटर उतरलात की हिशोब ९८० किलोज्यूलवर जातो, म्हणजे असे ३५ पॅनिक स्टॉप! थोडा भार इंजिन आणि हवा उचलतात, बाकीचा ब्रेकवर. ड्रम बंद डब्यासारखा, आत तापत बसतो. डिस्क उघड्यावर, वाऱ्याने गार होते. मोठी डिस्क जास्त उष्णता झेलते, पण चाकाचं वजन वाढवते. भोकं पाडली तर वजन घटतं, पाणी लवकर निघतं, पण उष्णता साठवणारं लोखंडही तेवढंच कमी होतं. फुकट काहीच नाही.

आता मागचं चाक. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं. जोराच्या ब्रेकिंगचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. हलक्या चाकाला दमदार डिस्क दिली की ते चटकन लॉक होतं. दोन वर्षांपूर्वी, जूनच्या पहिल्या पावसात, पुढची रिक्षा अचानक थांबली आणि मी घाबरून पाय दाबला. मागे डिस्क होती, एबीएस मात्र फक्त पुढे. गाडी आडवी, मी रस्त्यावर. मागून बस येत नव्हती म्हणून हे लिहितोय. ड्रमही लॉक होतो, नाही असं नाही, पण त्याला जास्त दाबावं लागतं.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, पण सिंगल चॅनलही नियमात बसलं. तिथेच गोम आहे. मागची डिस्क शोरूममध्ये लांबून दिसते. मागच्या चाकाचं एबीएस दिसत नाही, टायरचं रबर तर नाहीच नाही. साहजिकच कंपनी दिसणारी गोष्ट विकते, आणि आपण घेतो.

माझं मत सरळ आहे. ड्युअल चॅनल एबीएस असेल तर मागची डिस्क जरूर घ्या. नसेल तर मागे ड्रम असलेलं व्हेरियंट घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या टायरवर घाला.

भावाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पटलं रे दादा, पण मागे ड्रम बरा नाही दिसत!"

दिसण्यासाठी पैसे मोजायलाही माझी ना नाही. फक्त तो खर्च सेफ्टीच्या खात्यात लिहू नकोस, एवढंच.