जपानी भाषेचा घाट

परकी भाषा शिकणें विद्यार्थ्यास हितावह आहे, याविषयीं आतां फारसा मतभेद उरलेला नाहीं. इंग्रजीच्या जोडीस जपानी शिकण्याची ओढ आपल्याकडील तरुणांत दिसूं लागली आहे. पुण्यास या भाषेचें अध्यापन पुष्कळ वर्षें चालत आलें आहे. तिची आंतरराष्ट्रीय परीक्षाहि पुणें व मुंबई या दोन्ही ठिकाणीं होते, आणि आपलें कर्जत त्या दोहोंमधील लोहमार्गावरच आहे. तथापि हौसेनें आरंभ करणारे कित्येक विद्यार्थी पहिल्या कांहीं महिन्यांतच ‘ही भाषा आपणांस साधणार नाहीं’ असें म्हणून पुस्तक मिटतात. हा निर्णय घाईचा आहे, असें आमचें मत आहे.

ही भाषा सोपी आहे असें मात्र कोणी सांगूं नये. तिच्या लिपीचें ओझें खरोखरच मोठें आहे. हिरागाना व काताकाना या दोन अक्षरमाला, प्रत्येकींत मूळ अक्षरें ४६. त्यांवर पुन्हा चीनमधून आलेलीं अर्थाक्षरें, ज्यांस कांजी म्हणतात. नित्याच्या व्यवहारासाठीं जपानी सरकारनें इ. स. २०१० मध्यें जाहीर केलेल्या यादींत अशीं २१३६ अक्षरें आहेत. शिवाय एकाच अक्षराचे उच्चार अनेक. डोंगराचें अक्षर एकटें असतां ‘यामा’ असें वाचावयाचें, आणि फुजी पर्वताच्या नांवांत तेंच ‘सान’ होतें. जपानी मुलेंदेखील हीं अक्षरें नऊ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणांत हळूहळू शिकतात. मग आपल्या मुलास तीं सहा महिन्यांत न आलीं, तर त्याची बुद्धि मंद कशी ठरते?

परंतु लिपि म्हणजे भाषा नव्हे. वाक्याकडे वळतांच मराठी मुलास आपल्या घरचें अंगण दिसावें. ‘मी पुस्तक वाचतों’ हें जपानींत ‘वाताशी वा होन ओ योमिमासु’ असें होतें. आधीं कर्ता, मग कर्म, शेवटीं क्रियापद. आपण नामास ‘ला’, ‘त’, ‘चा’ हे प्रत्यय मागून जोडतों. जपानींतहि संबंध दाखविणारे शब्द नामामागूनच येतात. ‘रामाचें पुस्तक’ तें ‘रामा नो होन’. योगायोग असा कीं, वाक्याच्या शेवटीं ‘का’ लावून जसा आपण प्रश्न करतों, तसाच जपानी मनुष्यहि ‘का’ लावूनच करतो. अ, इ, उ, ए, ओ आणि पुढें क, स, त, न हा त्यांच्या अक्षरमालेचा क्रम तर बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनांतून तिकडे रुजला, असें विद्वान मानतात. ‘ओबसान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि ‘ओबासान’ म्हणजे आजी. साध्या रोमन अक्षरांत निसटणारा हा भेद देवनागरींत सहज टिकतो.

असें असतां आपलीं मुलें जपानी शिकतात तीं बहुधा इंग्रजी पुस्तकांवरून. इंग्रजी वाक्याची ठेवण निराळी. म्हणून तीं पुस्तकें जपानी वाक्य उलटें आहे असें समजावितात. ज्यास तें मुळीं सुलटेंच वाटलें असतें, तो मराठी मुलगाहि आधीं इंग्रजी जुळवून, मग तें उलटवून जपानीस पोहोंचतो. हा द्राविडी प्राणायाम कशासाठीं? ज्याचें इंग्रजी कच्चें आहे त्यानें जपानींत मागें राहावें, असें कांहींच कारण नाहीं. आपल्या तालुक्यांतील कातकरी वा ठाकर वाडीवरचें मूल घरची बोली घेऊन येतें आणि शाळेंत ग्रंथांची मराठी शिकतें. नवी भाषा शिकण्याचें धैर्य त्यानें पहिल्याच इयत्तेंत दाखविलेलें असतें. शिक्षकांनीं जपानी वाक्य मराठींतूनच उलगडून दाखवावें.

मात्र वाक्यरचनेच्या साम्यावर विसंबून शब्दांचे अर्थ गृहीत धरूं नयेत. सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून इ. स. १५४९ मध्यें जपानांत कागोशिमा येथें पोहोंचले. त्यांचा जपानी सोबती आंजिरो हा गोव्यास सेंट पॉल कॉलेजांत शिकलेला होता. त्यानें परमेश्वर या अर्थीं ‘दाइनिची’ हा शब्द सुचविला व झेवियर तोच वापरूं लागले. पुढें कळलें कीं, तें महावैरोचन बुद्धाचें नांव आहे. तेव्हां तो शब्द टाकून त्यांनीं लॅटिन ‘देउस’ स्वीकारला. शब्द बदलला, परंतु बोलणें थांबविलें नाहीं; नव्या विद्यार्थ्यानें यांतून घ्यावयाचा धडा तो हाच.

पालकांस एक विनंति. त्या परीक्षेच्या एन-५ पासून एन-१ पर्यंत पांच पायऱ्या आहेत. तींत शब्दज्ञान, व्याकरण, वाचन व श्रवण तपासतात; संभाषण तपासत नाहींत. म्हणून केवळ प्रमाणपत्र पाहून भाषा आली असें समजूं नये, आणि थोडक्या महिन्यांत जपानांत नोकरी देऊं म्हणणाऱ्या जाहिरातींस भुलून कर्ज काढूं नये. रोज अर्धा तास, चार अक्षरें आणि मोठ्यानें म्हटलेलीं दोन वाक्यें, एवढा नेम वर्षभर टिकवावा.

विद्यार्थिमित्रांनो, खालापूरच्या मुलांस घाट नवा नाहीं. बोरघाटाचा चढ पाहून जो पायथ्याशींच बसतो, त्यास पुणें दूरच. जो दमादमानें चढतो, तो पोहोंचतोच.