पेटी गेली, किल्ली कोणाकडे?

फोन आणि इंटरनेटच्या वाहतुकीला वाट दाखविणे, संशयास्पद वाहतूक अडविणे, भार वाटून देणे अशा प्रत्येक कामासाठी दूरसंचार कंपन्यांना पूर्वी स्वतंत्र पेटी घ्यावी लागे. पेटी आणि तिच्या आतले सॉफ्टवेअर एकाच उत्पादकाचे असे. आता ही कामे सर्वसाधारण सर्व्हरवर चालणारी सॉफ्टवेअर करू लागली आहेत. ऑक्टोबर 2012 मध्ये जगातील 13 दूरसंचार कंपन्यांनी संयुक्त निवेदन काढून या मार्गाचा पुरस्कार केला, तेव्हा खर्च घटेल आणि पेटीवाल्यांची मिरासदारी संपेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

परंतु मिरासदारीचे मूळ मालकीत असते. एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालविणारे सॉफ्टवेअर बनविणारी व्हीएमवेअर ही कंपनी नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने ताब्यात घेतली, आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून मुदतीची वर्गणी लागू केली. 2012 च्या निवेदनात सहभागी असलेल्या एटी अँड टी कंपनीलाच 2024 मध्ये ब्रॉडकॉमविरुद्ध न्यायालयात जावे लागले. पुढे तडजोड झाली. खरेदीची जागा खंडाने घेतली, आणि खंड कोण ठरवितो हे कुळांना सांगावयास नको.

आपल्याकडे दुसरा मार्ग आहे. 1984 साली स्थापन झालेल्या सरकारी सी-डॉट संस्थेने खेड्यांसाठी वातानुकूलनाविना चालणारे 128 लाइनींचे एक्स्चेंज बनविले होते. त्याच संस्थेने भारत संचार निगमच्या 4जी जाळ्याचा सॉफ्टवेअररूपी गाभा घडविला. त्या जाळ्याचे उद्घाटन 27 सप्टेंबर 2025 रोजी झाले. मात्र ज्या निगमातून जानेवारी 2020 अखेर सुमारे 78 हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले, तेथे हे सॉफ्टवेअर समजून घेऊन सांभाळणारे हात कोठून येणार? मालकी जनतेची आणि जाणकारी ठेकेदाराची, अशी विभागणी झाली तर ती मालकी नावापुरतीच उरेल.

पवनानगरच्या आम्हां रहिवाशांना हा प्रश्न परका नाही. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्धच्या आंदोलनात 9 ऑगस्ट 2011 रोजी पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. बंद नळाने पाण्याची नासाडी टळते, हे तंत्राचे गणित. काठच्या शेतकऱ्याची चिंता मात्र आपल्या वाट्याची होती.

म्हणून नव्या तंत्राला विरोध न करता तीन मागण्या रेटल्या पाहिजेत. सार्वजनिक पैशातून घडलेल्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात असावी. ते सांभाळण्यासाठी कायमस्वरूपी, प्रशिक्षित कर्मचारी नेमावेत. आणि वाचलेल्या खर्चाचा लाभ ग्रामीण ग्राहकाला दरकपातीच्या रूपाने मिळावा. एरवी पेट्या भंगारात जातील आणि मक्तेदारी जागच्या जागी राहील.