जमवणे म्हणजे जपणे नव्हे

ऑक्सफर्डचा दुसरा अर्ल एडवर्ड हार्ली याला ग्रंथांचा तारणहार म्हणण्याची प्रथा आता सोडावी. १७४१ साली तो कर्जात बुडालेला असतानाच वारला. पुढच्याच वर्षी त्याचे सुमारे ५०,००० छापील ग्रंथ टॉमस ऑस्बर्न या पुस्तकविक्रेत्याने १३,००० पौंडांना घेतले आणि विकून टाकले. त्या वैभवाचा आवाका आज कळतो तो सॅम्युएल जॉन्सन व विल्यम ओल्डिस यांनी विक्रीसाठी खपून केलेल्या सूचीमुळे. हस्तलिखिते मात्र टिकली, कारण १७५३ साली पार्लमेंटच्या कायद्याने ती १०,००० पौंडांना घेऊन ब्रिटिश म्युझियमला दिली गेली. हार्लीने जमवलेच नसते तर घेतले काय असते, हा आक्षेप रास्त आहे. पण दोन्ही संग्रहांमागचा ध्यास एकच होता. भेद पडला तो मालकीने. म्हणून पहिले ऋण सूचिकारांचे आणि सार्वजनिक ग्रंथालयाचे, संग्राहकाचे त्यानंतर.