अनेक विश्वे आणि अनुमानाचा अधिकार

आपले विश्व एकमेव नसून असंख्य विश्वांपैकी एक आहे, ही कल्पना आता कादंबऱ्या आणि चित्रपट यांच्यापुरती राहिली नसून मान्यवर पदार्थवैज्ञानिक तिचा गांभीर्याने पुरस्कार करतात. म्हणूनच तिला शास्त्रीय सिद्धान्ताचा दर्जा द्यावा की काय, याचा फैसला तिच्या भव्यतेवर वा विलक्षणपणावर होता कामा नये. दुसरे विश्व डोळ्यांना दिसत नाही, एवढ्याच सबबीवर ती बाद ठरविणारे मला उतावीळ वाटतात. ताऱ्यांची रासायनिक घडण मनुष्यास कधीही कळणार नाही, असे ऑग्यूस्त काँत यांनी 1835 साली निःशंकपणे लिहिले, आणि पाव शतक उलटते न उलटते तोच किर्खोफ व बुन्सेन यांनी वर्णपटाच्या साहाय्याने सूर्यातील मूलद्रव्ये ओळखली.

या कल्पनेच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद स्टीव्हन वाइनबर्ग यांनी 1987 मध्ये केला. रिक्त अवकाशाच्या ऊर्जेचे मूल्य पुंजसिद्धान्ताच्या ढोबळ हिशेबाने जेवढे यावयास हवे, त्याच्या तुलनेत ते निसर्गात सुमारे 10 च्या 120 व्या घाताइतक्या पटीने अल्प आहे. विश्वे अनेक असून प्रत्येकात हे मूल्य निराळे असेल, तर जेथे ते दीर्घिका बांधल्या जाण्याइतके लहान आहे तेथेच निरीक्षक संभवतात; सबब आपणांस आढळणारे मूल्य अगदी शून्य नसावे आणि त्या मर्यादेच्या फार खालीही नसावे, असे वाइनबर्ग यांच्या विचारसरणीतून निष्पन्न होत होते. पुढे 1998 साली दूरच्या अतिनवताऱ्यांवरून विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे उघड झाले, आणि ती ऊर्जा शून्य नाही हे खरे ठरले. शोधापूर्वी अकरा वर्षे केलेली ही अटकळ मी क्षुल्लक मानीत नाही.

तथापि तिने सिद्धता होत नाही. पर्वतावरील धुरावरून आपले नैयायिक अग्नीचे अनुमान करीत, ते स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी यांचे साहचर्य वारंवार पाहिलेले असे म्हणून. ती व्याप्ती नसेल तर अनुमानाला आधारच उरत नाही. विश्वाचा तर आपल्यापाशी एकच नमुना आहे. शिवाय विलेंकिन आणि लिंडे यांनी दाखविल्याप्रमाणे विश्वाचे आरंभीचे अतिवेगवान फुगणे कोठे ना कोठे अखंड चालू राहून नवनवी विश्वे निपजत असतील, तर त्या अनंतांची गणती कोणत्या रीतीने करावी यावरच संभाव्यतेचे उत्तर पालटते, आणि सर्वमान्य अशी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. माझ्या मते खरा दोष येथे आहे, अदृश्यतेत नव्हे. (पुंजयामिकीतून एव्हरेट यांनी 1957 मध्ये काढलेल्या अनेक विश्वांची बाब सर्वस्वी निराळी.)

प्रत्यक्ष शोधही झालेला आहे. शेजारचे विश्व पूर्वी आपल्या विश्वावर आदळले असेल तर सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमी प्रारणात वर्तुळाकार खुणा उमटाव्यात, या अपेक्षेने लंडनमधील हिरान्या पेरिस आणि त्यांचे सहकारी यांनी 2011 साली ते प्रारण मोजणाऱ्या कृत्रिम उपग्रहाच्या नोंदी तपासल्या. निर्णायक असे काही हाती लागले नाही. परंतु न सापडल्याने कल्पना खोटीही ठरत नाही, कारण टक्कर आपल्या क्षितिजापलीकडे झालेली असू शकते.

म्हणून अनेक विश्वांना स्वतंत्र सिद्धान्ताचे नव्हे, तर ज्या सिद्धान्तातून ती निघतात त्याच्या उपसिद्धान्ताचे स्थान द्यावे, आणि श्रम व पैसा त्या मूळ सिद्धान्ताच्या कसोटीवर खर्च व्हावा. त्या आरंभीच्या फुगण्याची साक्ष देणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा ठसा सापडल्याची घोषणा दक्षिण ध्रुवावरील संशोधकांनी 2014 मध्ये केली होती. तो संकेत बव्हंशी आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा असल्याचे पुढल्या वर्षी आढळून आले, आणि त्या ठशाचा शोध अद्याप चालू आहे.