जिन्यातला दिवा

मराठवाड्यातील माणसाला अंधाराविषयी चार गोष्टी सांगणे म्हणजे वारकऱ्याला पंढरीची वाट दाखविण्यासारखे आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत आपल्या खेड्यापाड्यांतून दहा-दहा, बारा-बारा तासांचे भारनियमन चाले. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र १९७१ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. दिव्याखाली अंधार ही म्हण बीड जिल्ह्याच्या भूगोलात घालायला हरकत नव्हती! या सवयीचा परिणाम असा झाला, की वीज जाणे हे आपल्याला संकट वाटेनासे झाले. ती एक गैरसोय ठरली आणि गैरसोयीवर उतारा म्हणून इन्व्हर्टर आला.

प्रस्तुत लेखाचा रोख या इन्व्हर्टरवरच आहे. आपल्याकडील कोणत्याही कार्यालयात, दवाखान्यात, शाळेत किंवा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत वीज गेल्यावर कोठले दिवे चालू राहतात, हे एकदा नीट पाहावे. साहेबांच्या खोलीतला पंखा फिरत असतो. संगणक चालू असतात. पैसे घेण्याच्या खिडकीवर तर लख्ख उजेड असतो. अंधार असतो तो जिन्यात, लांबलचक व्हरांड्याच्या वळणावर आणि मागच्या दारापाशी. म्हणजे उजेडाची ही वाटणी मानाप्रमाणे झालेली आहे. जिना कोणाच्याच खात्यावर नाही. त्याची बाजू कोण मांडणार?

इमारतींच्या सुरक्षिततेचे शास्त्र नेमके उलटे सांगते. राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६ ची आवृत्ती) आणीबाणीच्या दिव्यांचा विचार केला आहे तो खोल्यांसाठी नव्हे, वाटेसाठी. दोन व्हरांडे मिळतात तेथे, वाट वळते तेथे, बाहेर पडण्याच्या प्रत्येक दाराशी, जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर थेट उजेड पडेल अशा ठिकाणी आणि शेवटच्या दाराच्या बाहेरही दिवा हवा. उजेड फार लागत नाही. वाटेच्या मध्यरेषेवर, जमिनीलगत मोजला असता दहा लक्स. पुस्तक वाचायला लागतो त्याच्या मानाने हा अगदीच मंद. मात्र नेहमीची वीज जाताच तो आपोआप लागला पाहिजे आणि इमारत लहान असली तरी किमान दीड तास टिकला पाहिजे. दिवा शक्य तितका खाली, पण जमिनीपासून दोन मीटरच्या वर असावा, असेही संहिता सांगते. यामागचे कारण साधे आहे. धूर आधी छताला जमतो आणि तेथील ट्यूबलाइट सर्वांत आधी गिळतो.

येथे कोणी म्हणेल, की मग जिन्यातला एक दिवा इन्व्हर्टरला जोडून टाकू, झाले. तेवढ्याने भागत नाही. आग लागली की शहाणा माणूस प्रथम मेन स्विच बंद करतो, आणि आग विजेच्या तारांतूनच लागली असेल तर इन्व्हर्टरच्या तारा काही सोवळ्यात नसतात. पुष्कळ ठिकाणी इन्व्हर्टर व त्याच्या बॅटऱ्या जिन्याखालच्या कोनाड्यात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवलेल्या असतात, ही तर निराळीच कथा! म्हणून या दिव्याची बॅटरी त्याच्याच पोटात असावी. निदान त्याची तार वेगळी आणि आगीपासून राखलेली असावी.

ही उपेक्षा किती महागात पडते, याचा सर्वांत तपशीलवार दाखला दिल्लीचा आहे. कारण ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १३ जून १९९७ रोजी उपहार चित्रपटगृहात दुपारचा खेळ चालू असताना तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरला आग लागली. धूर वर चढला, पाचच्या सुमारास वीज गेली, पडदा विझला. आणीबाणीचे दिवे लागले नाहीत; दारांवरील ‘बाहेर’च्या पाट्याही उजळल्या नाहीत. बाल्कनीतली एक वाट जादा खुर्च्या टाकून आधीच बुजविलेली होती. ५९ माणसे गेली, ती बहुतांशी गुदमरून. ध्यानात घेण्यासारखे हे, की त्या वेळी बाहेर जूनमधला स्वच्छ दिवस होता. रस्त्यावर ऊन आणि आत अमावास्या. अंधार ही रात्रीचीच गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आमच्या एका मित्राने चर्चेत मुद्दा काढला, की हे सारे जुने झाले. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्याला बॅटरी आहे. मुद्दा वरवर बिनतोड आहे. पण परीक्षेला बसताना मोबाईल फाटकाशीच काढून घेतात, हे विद्यार्थ्यांना सांगायला नको. आणि रुग्णालयाचे काय? भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १० बालके दगावली, ७ वाचविता आली. ती सात कोणीतरी हातांवर घेऊनच बाहेर आणली असणार. ज्याच्या दोन्ही हातांत मूल आहे, त्याने मोबाईल कोठे धरावा? म्हातारीला पाठुंगळी घेऊन उतरणाऱ्याला एक हात कठड्यासाठी लागतो. मोबाईलचा उजेड ज्याच्या हाती तो आहे त्याच्यापुरता, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो झापड आणतो. वाटेचा दिवा वाटेवरच हवा.

भंडाऱ्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला आपल्या शेजारच्या नगरला (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण प्राणास मुकले. आदेश आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये केवढे अंतर असते, ते यावरून समजावे. कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत, असे वर्षातून दोनदा द्यावयाचे असते. कागद फायलीत जातो. दिव्याची बॅटरी मात्र फाईल पाहून भारित होत नाही. ती काही वर्षांत मरते, आणि मेलेली आहे हे दिवा लागण्याची वेळ आल्याखेरीज कळत नाही. तिच्या अंगावर तपासणीचे एक लहानसे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबायला ना निविदा लागते, ना अनुदान.

आता आपल्या महाविद्यालयांकडे वळू. स्नेहसंमेलनाच्या रात्री सभागृह तुडुंब भरते. रंगमंचावर पडदे, कापडी कमानी आणि उघड्या जोडांच्या वायरी. बाहेरची मुले आत घुसू नयेत म्हणून बाजूच्या दाराला कुलूप घातलेले असते व किल्ली ज्या शिपायाकडे असते तो पुढच्या रांगेत नाटक पाहत असतो. शिस्तीची अडचण मी समजू शकतो. पण दाराशी माणूस उभा करूनही शिस्त राखता येते. खर्चाचे म्हणाल तर दारांवर व जिन्यांत लावायला दिवे लागतील ते दहा-बारा. एका रात्रीच्या रोषणाईच्या खर्चात ते बसावेत, असा माझा अंदाज आहे.

संमेलन समितीला यंदा एकच विनंती आहे. रंगीत तालमीच्या दिवशी, अंधार पडल्यावर, वायरमनला मेन स्विचपाशी उभे करून दोन मिनिटे सगळी वीज बंद करावी. त्याआधी सर्वांनी, प्राध्यापकांनीसुद्धा, मोबाईल खाली कार्यालयात ठेवून वरच्या मजल्यावर जमावे, आणि मग जिना उतरून पटांगणात यावे. दिवे कोठे हवेत त्याची यादी तेथेच करता येईल.